दोन बारांची खूण

खंदकात त्या शुक्रवारी सकाळी जे होतं ते कादिरने सवयीप्रमाणे मोजून घेतलं होतं. दोरीने वर-खाली होणाऱ्या लाकडी चौकटी चार. निशाणांचे छापील कागद चाळीस. भोकं बुजवायच्या चौकोनी तुकड्यांचा डबा एक. पिठाच्या खळीचं भगुणं एक, त्यात कुंचला. पाण्याचा कॅन एक, अर्धा. विषारी वायूचे मुखवटे दोन, आपापल्या खाकी पिशव्यांत. माणसं दोन, तो आणि जमालुद्दीन. खाण्यासारखं काही नव्हतं, हे मात्र मोजताना त्याच्या ध्यानात आलं नाही.

जमालुद्दीन म्हणजे कादिरच्या थोरल्या बहिणीचा, सकिनाचा नवरा. दाभोळचा माणूस, पण दहा-बारा वर्षं सौदीतल्या हुफूफ शहराबाहेरच्या या खजुराच्या मळ्यावर काढलेली. मळा अबू मिशाल नावाच्या व्यापाऱ्याचा. व्हिसा ज्याच्या नावावर तो कफीलही तोच. त्याला नेमबाजीचा षौक होता. दर शुक्रवारी सकाळी जुम्म्याच्या नमाजाआधी तो चार दोस्त घेऊन मळ्याच्या टोकाला यायचा. दीडशे मीटरवर वाळूचा उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी पुरुषभर खोल खंदक, खंदकातून वर डोकावणारी निशाणं. ती वर करायची, खाली घ्यायची, भोकं मोजायची, बुजवायची आणि पुन्हा वर करायची, हे जमालुद्दीनचं काम. कादिर बी.एस्सी. झाला, भौतिकशास्त्र घेऊन, आणि गावात दोन वर्षं रिकामा बसला, तेव्हा जमालुद्दीननेच त्याला इथे आणून स्टोअरकीपर केलं. मळ्याचा स्टोअरकीपर म्हणजे खत, डिझेल, पंपाचे सुटे भाग आणि नऊ बंदुका: चार दुनळ्या, तीन लिव्हर ओढून भरायच्या रायफली, दोन कार्बाइन.

खंदकातून बाहेर यायच्या पायऱ्या निशाणांना लागूनच होत्या. खंदक मूळचा पाण्याच्या टाकीसाठी खणलेला. गोळ्या चालू असताना पायरी चढायची सोय नव्हती. म्हणून फार जुनी एक रीत पडली होती. डाव संपला की अबू मिशाल दुनळी आभाळाकडे धरून लागोपाठ दोन बार काढायचा. दोन बार म्हणजे बंदुका खाली ठेवल्या, या बाहेर. वर्षानुवर्षं बंदुकांच्या समोर बसून जमालुद्दीनचे कान अर्धे गेले होते, पण ते दोन बार त्याला छातीत ऐकू यायचे.

आणि त्याआधी व्हायचा तमाशा. हा जमालुद्दीनचाच शोध. शेवटचं निशाण खाली आलं की तो काठीवर काहीतरी अडकवून वर नाचवायचा, कधी फुटकं घमेलं, कधी कलिंगड, कधी कुणाची तरी टोपी, आणि पाहुणे हसत हसत त्याच्या चिंध्या करायचे. तमाशा, मग दोन बार, मग नाश्ता. कादिर आल्यापासून वर्षभरात एकही शुक्रवार याला चुकला नव्हता.

मग लढाई आली. कुवेत गेलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पण जानेवारीत रात्री भोंगे वाजू लागले आणि लोक भिंतीला कान लावून झोपायला लागले. पोलिसांनी मळेवाल्यांना निरोप धाडला: बार काढू नका, बायकापोरं बॉम्ब समजतात. अबू मिशालने दुनळ्या आणि लिव्हरच्या रायफली पेटीत बंद केल्या. दर शुक्रवारी त्या बाहेर काढून पुसायचा, खांद्याला लावून बघायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. पण शुक्रवार सोडणं त्याला जमण्यातलं नव्हतं. त्याने कार्बाइनींना लावायला कुठून तरी दोन सायलेन्सर मिळवले, आणि त्यांच्यासाठी हळू जाणाऱ्या गोळ्यांची काडतुसं.

कादिरला त्या नळकांड्यांचं भारी कुतूहल. त्याने आपला टेपरेकॉर्डर आणून आवाजाची सुई किती हलते ते पाहिलं. जवळून पाहिलं, पन्नास मीटरवरून पाहिलं, मग थेट खंदकात बसून पाहिलं. खंदकाशेजारी पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन धडधडत असायचं. ते चालू असताना गोळी सुटली तरी सुई होती तिथून हलली नाही. त्याने अबू मिशालला मोठ्या आनंदाने सांगितलं, "खंदकात शून्य पोचतं, बाबा. काहीच नाही."

"शाबास, मुहंदिस," अबू मिशाल म्हणाला होता. इंजिनियर या अर्थाने तो कादिरला मुहंदिस म्हणे.

दोन बार आता काढता येत नव्हते. त्यांच्या जागी कादिर पिकअप घेऊन खंदकापर्यंत यायचा आणि हॉर्न दाबायचा. दोन शुक्रवार हे ठीक चाललं. मग खंदकातला दुसरा गडी, गुहागरचा भिकू, खुरूजचा, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचा, शिक्का मिळवून बसने जेद्दाला निघून गेला. त्याच्या जागी या शुक्रवारी कादिर खंदकात उतरला. हॉर्न कोण वाजवणार, हे अबू मिशालने विचारलं नाही, जमालुद्दीनने विचारलं नाही, आणि ज्याने हॉर्नची युक्ती काढली त्या कादिरनेही विचारलं नाही.

"ओढ की दोर, बीयस्सी," जमालुद्दीन सकाळी म्हणाला. "का आधी वजन काढून दाखवतंस?"

"ओढतोय, भाय. गंजलीय कप्पी."

"कप्पी नाय गंजली, तू गंजलास. सकिनाला लिहून कळवतो, तुझ्या भावाला चौकट पेलत नाय म्हणून."

"लिहा. तिला सांगा तेल पाठवायला."

जमालुद्दीन हसला. चौकट वर गेली. वर कागदात काळं टिंब उमटलं, मग दुसरं. आवाज नव्हता. बांधावर बोटभर वाळू उडायची आणि घरंगळायची, तेवढंच. कुणीतरी न बोलता बोट दाखवावं तसं कादिरला ते वाटत होतं.

थंडी होती. खजुरांच्या शेंड्यांवर ऊन आलं, मग खाली उतरलं. नेहमीची नाश्त्याची वेळ टळली असावी असं कादिरला वाटलं, पण कागदावर टिंबं उमटतच होती. पाहुण्यांना नवं खेळणं मिळालं होतं.

मग त्याने पाहिलं की जमालुद्दीन एकाच भोकावर चौथा तुकडा चिकटवतोय.

"भाय, ते बुजलं."

"मला शिकवू नको." आवाज एकदम कडक. जमालुद्दीन कधी असा बोलत नसे. त्याच्या कपाळावर घाम होता, मानेवरही, सदरा पाठीला चिकटलेला. त्या थंडीत.

जमालुद्दीनला साखरेचा आजार होता. पहाटे नमाजानंतर तो स्वतःच्या हाताने मांडीत इन्सुलिन टोचून घ्यायचा, घासभर खायचा आणि नाश्ता वेळेवर करायचा. कधी उशीर झालाच तर खांद्याच्या कापडी पिशवीत खजूर आणि साखरेच्या पुड्या असायच्या.

"भाय, तुमची पिशवी?"

"ही काय."

खांद्यावर मुखवट्याची खाकी पिशवी होती. लढाई सुरू झाल्यापासून मुखवट्याची पिशवी खांद्यावर घ्यायचीच असा हुकूम होता, आणि आज जमालुद्दीनने तेवढी एकच घेतली होती.

"ती नाही. खजुरांची."

"गाडीत असंल." जमालुद्दीन खाली बसला. "कादिर, पडाव लागला काय रे धक्क्याला? सकिना उभी असंल तिकडं." तो दाभोळच्या धक्क्याला लागणाऱ्या होडीविषयी बोलत होता.

कादिरने त्याचे खिसे तपासले. जपाची तसबीह, रुमाल, दात घासायची मिसवाकची काडी, खोलीची किल्ली. स्वतःचे खिसे तपासले. पेन, पक्कड. त्याने उठून हाक मारली, मग ओरडला, मग घसा फुटेपर्यंत ओरडला. इंजिन वर, हाताबाहेर, धडधडत राहिलं. दीडशे मीटरवरून तिकडचं इकडे काय पोचतं ते त्याने स्वतः मोजलं होतं, इकडचं तिकडे वेगळं काय पोचणार?

मग त्याची नजर भगुण्यावर गेली. खळ म्हणजे पीठ आणि पाणी. पिठाची साखर व्हायला वेळ लागतो, पण तोंडात धरलं तर थोडी तरी होईल. त्याने बोटं बुडवून खळ उचलली आणि तो निळसर रंग पाहून हात झटकला. गेल्या महिन्यात खळीला वास येतो, किडे पडतात म्हणून भिकू कुरकुर करत होता. कादिरने त्यात विषारी मोरचूद घातलं होतं. तोळामासा काढून, प्रमाण बांधून घातलं होतं. तेव्हापासून खळ कधी नासली नव्हती. त्याने बोटं वाळूत पुसली, पुन्हा पुसली.

जमालुद्दीनचं डोकं छातीवर लवलं. घशातून घोरल्यासारखा आवाज येऊ लागला.

कादिरने त्याला कुशीवर वळवलं, जीभ मागे पडू नये म्हणून. मग स्वतःच्या डोक्याचं पांढरं मुंडासं सोडलं, काठीला बांधलं आणि चौकटीच्या वर धरून जोरजोरात हलवलं. पांढरं कापड म्हणजे थांबा, मदत करा. जगभर हेच समजतात. त्याने काठी उजवीकडे नेली, डावीकडे आणली, पुन्हा उजवीकडे.

कापडाला भोक पडलं.

त्याला क्षणभर कळलं नाही. दुसरं भोक पडलं, मग तिसरं. काठीला हिसका बसला आणि तिची एक ढलपी त्याच्या गालाला चाटून गेली. त्याने काठी खाली ओढली आणि खंदकाच्या भिंतीला पाठ लावून बसला. दीडशे मीटरवर माणसं हसत असणार. आज तमाशा लवकर लागला म्हणत असणार. दहा-बारा वर्षं या खंदकातून जे जे वर आलं ते गोळी घालण्यासाठीच वर आलं होतं. आता मुंडासं वर करा, मुखवटा करा, नाहीतर हात करा.

त्याने चारही चौकटी खाली घेतल्या. मारायला काही राहिलं नाही तर थांबतील. पण थांबले हे कळणार कसं? तो बांधाकडे डोळे लावून बसला. वाळू उडाली की गोळी. वाळू उडत नव्हती. पण मघाशीही दोन गोळ्यांच्या मध्ये ती उडत नव्हती. किती वेळ उडाली नाही म्हणजे थांबले म्हणायचं? त्याचं शिकलेलं डोकं त्याला सांगत होतं की काही न दिसणं म्हणजे काही नसणं नव्हे. आणि दुसरं, त्याहून जुनं डोकं, सांगत होतं की तमाशानंतर दोन बार होतात. होतातच. ते दोन बार आता होणार नाहीत हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी कान त्यांचीच वाट बघत होते.

"भाय," तो म्हणाला. "भाय, ऐकताय?"

घोरणं. त्याने जमालुद्दीनच्या कानाची पाळी चिमटली. जमालुद्दीनने हात ओढून घेतला. मघाशी कुशीवर वळवून चिमटलं तेव्हा तो "आई गं" म्हणाला होता. आता काही म्हणाला नाही.

त्याने दगड बांधावर फेकून पाहिला. वाळू उडाली, थांबली. त्याने एक चौकट वीतभर वर केली. काही झालं नाही. पूर्ण वर केली असती तर कळलं असतं, पण तशी केली की पुन्हा डाव सुरू होणार. चौकटीची सावली भगुण्यापाशी होती ती सरकून जमालुद्दीनच्या गुडघ्यावर आली. गुडघ्यावरून पोटावर गेली. इंजिन धडधडत होतं. सकिनाचा चेहरा कादिरला आठवेना, फक्त तिचा आवाज आठवत होता, नवऱ्याला निरोप देताना म्हणालेली, माझ्या भावाकडं लक्ष ठेवा हो.

शेवटी त्याने ठरवलं असं म्हणता येणार नाही. त्याने जमालुद्दीनचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले, मुंडाशाने मनगटं बांधली आणि ओझं पाठीवर घेऊन पायऱ्या चढला. वर येताना पाठीवर माणूस आहे म्हणून तो वाकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की वाकल्यामुळे पाठीवरचा माणूस त्याच्यापेक्षा उंच झाला आहे. तो ताठ झाला.

उघड्या वाळूवरून तो चालत राहिला. समोर झाडांखालची सावली, सावलीत गाड्या, माणसं ठिपक्यांएवढी. आवाज नव्हता. पूर्वी आवाज नाही म्हणजे धोका नाही, एवढं तरी कळायचं. आता डाव्या कानाजवळून गोळी गेली तरी कळणार नव्हतं, न गेली तरी कळणार नव्हतं. त्याला पळायचं होतं, पण पाठीवरच्या ओझ्याने पळता येत नव्हतं. जमालुद्दीनचा घाम त्याच्या मानेवरून खाली ओघळत होता. तो कलमा म्हणत होता की बेरीज करत होता हे त्याला नंतर सांगता आलं नाही.

ठिपक्यांची माणसं झाली. कुणाच्या हातात बंदूक नव्हती. सतरंजीवर परात होती, परातीभोवती मंडळी बसली होती. कार्बाइनी गाडीच्या टपावर आडव्या ठेवलेल्या, सायलेन्सर काढून शेजारी गार व्हायला ठेवलेले.

अबू मिशालचा पुतण्या नायफ तोंडात घास घेऊन हसला. "हा बघा, जमाल स्वारी करतोय. दुसरा तमाशा."

"नायफ, गप," अबू मिशाल म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "काय झालं त्याला?"

"साखर उतरली. गाडी, बाबा. यल्ला, गाडी."

अबू मिशालने परात ओलांडली, तेव्हा भात सांडला. त्याने स्वतः मागचं दार उघडलं. पाहुण्यांपैकी एकाने खजुराच्या पाकाची बाटली आणली. कादिरने बोटाने तो काळा पाक जमालुद्दीनच्या गालाच्या आतून, हिरड्यांना चोळला, थोडाच, घशात उतरू नये म्हणून. बोटांवर अजून निळी झाक आहे का ते त्याने आधी उजेडात पाहिलं. नव्हती.

गाडी मळ्याबाहेर पडल्यावर अबू मिशालने आरशातून मागे पाहिलं. "तुम्ही नाश्त्याला का आला नाहीत? आम्ही किती वाट पाहिली. शेवटी अन्न निवत होतं म्हणून बसलो."

"तुम्ही कधी थांबलात?"

"त्या कापडानंतर. तमाशा झाला म्हणजे खलास, नाही का? तुमचीच रीत आहे." त्याने पुन्हा आरशात पाहिलं. "मला वाटलं, आवरून येतील."

कादिरच्या मांडीवर जमालुद्दीनचं डोकं होतं. त्याने नाडी धरली होती.

हमरस्त्यावर फौजेचा ताफा लागला. लांबलचक ट्रेलर, त्यांवर ताडपत्रीखाली रणगाडे, एकामागे एक, उत्तरेकडे. एक शिपाई हात आडवा करून उभा होता. अबू मिशालने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. शिपायाने खिडकीतून आत वाकून पाहिलं, मागच्या सीटवरचं घोरणं ऐकलं आणि दोन ट्रेलरांमधून वाट करून दिली. अबू मिशाल त्याला दुवा देत सुटला, आणि मग हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत स्वतःला शिव्या देत.

सरकारी हॉस्पिटलात डॉ. सुहासिनी ताम्हाणे ड्यूटीवर होत्या. नागपूरच्या. लढाई लागल्यावर निम्मा स्टाफ सुट्टीवर गेला आणि परत आलाच नाही, तेव्हा त्यांना सलग ड्यूट्या पडत होत्या. कादिरचं मराठी ऐकून त्यांनी मान वर केली, एवढंच. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पट्टीवर लावला.

"एकवीस," त्या नर्सला म्हणाल्या. कादिरकडे वळल्या. "माणसाची सत्तरच्या खाली जाऊ नये. बेशुद्ध होऊन किती वेळ झाला?"

कादिरने सावली आठवली. भगुण्यापासून गुडघा, गुडघ्यापासून पोट. फेब्रुवारीतला सूर्य किती सरकतो, चौकट किती उंच होती. त्याने मनात त्रिकोण मांडला. "खंदकात पाऊण तास. रस्त्यात अर्धा. त्यातला खंदकातला..." तो अडखळला. "बाहेर येता आलं असतं. मी थांबलो."

"ते मी विचारलं नाही, दादा. सव्वा तास म्हणजे." त्यांनी शिरेत साखरेचं पाणी सोडलं, मोठ्या सिरिंजने, हळूहळू. मग पुन्हा पट्टी. "एकशे चौसष्ट."

"म्हणजे झालं?"

"साखर झाली. मेंदूला ती सव्वा तास मिळाली नाही, त्याचं काय झालं ते साखर सांगत नाही." त्यांनी जमालुद्दीनच्या नखावर पेन दाबलं, डोळ्यांवर टॉर्च मारला. त्याने हात नुसता मागे खेचला. "डोळे किती उघडतो, बोलतो किती, हात कसा हलवतो, तिन्हींना आकडे देतो आम्ही. तुमची-माझी बेरीज पंधरा येईल. काहीच नाही म्हणजे तीन. यांची आत्ता सहा आहे."

"वाढते का?"

"वाढते. कधी वाढत नाही." त्या थकल्या होत्या, पण खोटं बोलत नव्हत्या. "दर तासाला पाहू. बोलत राहा त्यांच्याशी. तुमच्या भाषेत. कानाशी, मोठ्याने."

"कान अर्धे गेलेत त्यांचे."

"मग आणखी मोठ्याने."

अबू मिशाल बाहेर बाकावर बसला होता, जुम्म्याचा नमाज चुकवून. कादिर स्टुलावर बसला आणि वाकून बोलू लागला. दाभोळच्या धक्क्याविषयी बोलला, पडाव लागलाय म्हणाला, सकिना उभी आहे, छत्री घेऊन आलीय, तुम्हाला विचारतेय एवढा उशीर का. गंजलेल्या कप्पीविषयी बोलला. शेजारच्या खाटेवरचा सुदानी म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत होता. एका तासाने सहा. दुसऱ्या तासाने सहा. घसा बसला तेव्हा नर्सने त्याला पाणी आणून दिलं, तो घोट घेऊन पुन्हा बोलू लागला. संध्याकाळी भोंगा वाजला. सगळ्यांनी मुखवटे चढवले. कादिरने आपला जमालुद्दीनच्या तोंडावर धरून पाहिला, मग काढून बाजूला ठेवला, कारण मुखवट्यातून बोललेलं त्याला ऐकू गेलं नसतं. भोंगा थांबला. डॉ. ताम्हाणे मुखवटा गळ्यात लोंबकळत ठेवून आल्या. त्यांनी जमालुद्दीनच्या खांद्यावर थाप मारली, नखावर पेन दाबलं, कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"डोळे दोन," त्या नर्सला म्हणाल्या. "बोलणं दोन. हात पाच. नऊ."